जोडीदार की जामीनदार?

ताई,

मी एकतीस वर्षांची आहे. बँकेत कर्ज विभागात काम करते. आलेल्या अर्जांची छाननी करून कर्ज द्यावं की नाही, दिलं तर किती, याची शिफारस करणं हे माझं काम. पगार ठरलेल्या तारखेला होतो. दीड वर्षापासून मी एका मुलाच्या प्रेमात आहे. तो नाटकांची प्रकाशयोजना करतो. नोकरी नाही, कामं मिळतील तशी. सलग दोन महिने झोपायला वेळ नसतो, मग दीड महिना फोन वाजत नाही. मानधन कधी वेळेवर, कधी सहा महिन्यांनी, तर कधी बुडतंच.

माणूस म्हणून तो फार चांगला आहे. हसरा आहे, माझं ऐकून घेतो. पैशांचा विषय काढला की माझा हात धरून म्हणतो, ‘तू आहेस ना!’ मग मला पुढे काही बोलवत नाही. व्यवहार मात्र त्याला अजिबात कळत नाही. गेल्या वर्षी एका निर्मात्याने त्याचे पैसे थकवले, तर याने हाताखालच्या दोन मुलांना स्वतःच्या खिशातून पैसे देऊन टाकले आणि पुढचे दोन महिने ओढाताणीत काढले.

आता घरून एक स्थळ आलंय. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या पदावर आहे. भेटलो, बरा वाटला. बाबा म्हणतात, ‘प्रेम दोन वर्षांत ओसरतं, हप्ते वीस वर्षं राहतात.’ मैत्रीण म्हणते, ‘करिअर बघून लग्न करणं म्हणजे सौदा.’ मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच स्वतःची लाज वाटते. जोडीदार निवडताना त्याचं करिअर बघावं का? की बघणंच चूक आहे?

— एक हिशेबी मुलगी

प्रिय हिशेबी मुली,

सुरुवात तुझ्या सहीपासून करते. पुरुषाला कुणी हिशेबी म्हटलं की ती शाबासकी असते. बाईने स्वतःला हिशेबी म्हटलं की तो कबुलीजबाब वाटतो. तुझ्या बाबांना लोक हिशेबी म्हणत असतील तर ते काही मान खाली घालत नसणार. तेव्हा ती लाज आधी बाजूला ठेव. ज्याच्यासोबत पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची, तो दिवसातले दहा तास काय करतो हे बघणं चूक असेल, तर मग बघायचं तरी काय? डोळ्यांचा रंग?

तर हो, करिअर बघावं. पण या एका शब्दात आपण इतकं काही कोंबलेलं असतं की बघणारा भलतंच काहीतरी बघून मोकळा होतो. बहुतेक घरांत बघतात ते पद. पदाचा उपयोग ओळख करून देताना होतो, आणि ओळख करून द्यायला दहा सेकंद लागतात. त्यावर मी याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

मला विचारशील तर बघायचं असतं ते हे, की त्याचं काम आपल्या घराकडून काय काय मागणार आहे. हे मी लग्नाआधी पाहिलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा नवरा चौदा वर्षं एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला उपसंपादक होता. लग्न ठरलं तेव्हा मला ‘पत्रकार’ या शब्दाचंच कौतुक होतं. रात्रपाळी म्हणजे काय, हे विचारावं असं मनातही आलं नाही. संध्याकाळी सहाला तो निघायचा आणि शेवटचं पान छपाईला सोडून पहाटे तीनला यायचा. मी सकाळी साडेआठला घराबाहेर. झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड, त्याला कपड्यांचे चिमटे लावलेले. दाराच्या बेलची वायर मी स्वतः काढून ठेवली होती. येणारे कडी वाजवायचे, की मी धावत जाऊन ती कडीच हातात धरायचे. आमच्या मुलीला ‘बाबा’ म्हणता येण्याआधी ‘हळू’ म्हणता येत होतं. फ्रिजवर एक वही असायची. त्यात आम्ही एकमेकांना लिहायचो: विजेचं बिल भरलं. शुक्रवारी शाळेत बोलावलंय, तू जाशील का? कधीकधी एवढंच: बोलायचंय. मग ते बोलणं रविवारवर जायचं, आणि रविवारी बसलो की नेमकं काय बोलायचं होतं ते आठवायचं नाही.

रात्रपाळीचा पगार त्याला मिळायचा, पण पाळी आम्ही दोघंही करत होतो. आधी माहीत असतं तर मी नकार दिला असता का? नसता दिला. पण समजून-उमजून होकार दिला असता, आणि ‘तुला घराची पर्वाच नाही’ हे वाक्य पहिल्या तीन वर्षांत जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा म्हटलं नसतं. त्याला पर्वा होती. त्याचे तास वेगळे होते, इतकंच.

तुझ्या मुलाचे तासही वेगळेच आहेत. जगाला सुट्टी असते तेव्हा नाटकवाल्याचं काम असतं. शनिवारची रात्र त्याची नसणार, रविवारची दुपार नसणार. दौरा लागला की आठ-दहा दिवस घर तुझ्या एकटीचं. तुला ताप आहे आणि त्याच दिवशी पहिला प्रयोग आहे, तर तो प्रयोगाला जाणार. जायलाही हवं, कारण त्याच्याशिवाय पडदा उघडला तर रंगमंचावर अंधारच असेल. हे सगळं तू दीड वर्षात पाहिलेलं असणार, पण प्रेयसी म्हणून पाहिलेलं आहेस. प्रेयसी त्या रात्री आपल्या घरी जाऊन झोपते. बायकोच्या वाट्याला ते घरच येतं.

आता त्या दुसऱ्या मुलाकडे वळू. तुमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलंय की त्याच्या करिअरमध्ये सुरक्षितता आहे आणि याच्या करिअरमध्ये धोका. पैशापुरतं ते खरंही असेल. वेळेचं गणित मात्र उलट निघू शकतं. क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ साली नोबेल मिळालं, ते बायकांचं काम आणि कमाई यांवरच्या आयुष्यभराच्या अभ्यासासाठी. काही कामांना त्या चक्क हावरी म्हणतात. जो जास्त तास देईल, केव्हाही हाक मारली तरी हजर होईल, त्याला ही कामं प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात. मूल होईपर्यंत नवराबायको दोघंही अशा कामात टिकतात. मूल झालं की निदान एकाला तरी घरच्या हाकेला ओ द्यावी लागते. मग एकजण हावऱ्या कामात पुढे जातो आणि दुसरा कमी पैशाचं, पण सवडीचं काम धरतो. हा दुसरा बहुतेक वेळा बायको असते. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नसते. दोघं बसून हिशेब करतात, आणि हिशेबात तेच शहाणपणाचं दिसतं.

म्हणून त्या वरच्या पदावरच्या मुलाला पगार विचारू नकोस, तो तुझ्या बाबांनी विचारलेलाच असेल. त्याला विचार की रात्री अकराला काही बिघडलं की कुणाचा फोन वाजतो. गेल्या वर्षी किती सुट्ट्या घेतल्या आणि त्यातल्या किती लॅपटॉप न उघडता घेतल्या. पाच वर्षांनी बढती परगावी मिळाली तर काय करशील. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की जोखीम दोन्हीकडे आहे. एकीकडे ती बँकेच्या खात्यात दिसते, दुसरीकडे तुझ्या करिअरमध्ये दिसेल, तीही सात-आठ वर्षांनी.

तुझ्या बाबांच्या बाजूनेही बोलते, नाहीतर ते म्हणतील या बाईने पोरीला फूस लावली. अलेक्झांड्रा किलवाल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त जोडप्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. १९७५ नंतर झालेल्या लग्नांत नवऱ्याला पूर्णवेळ काम असेल, तर पुढच्या वर्षभरात घटस्फोट होण्याची शक्यता साधारण २.५ टक्के निघाली. तसं काम नसेल तर ३.३ टक्के. म्हणजे बाबांची भीती अगदीच हवेतली नाही. पण त्याच अभ्यासात घरात पैसा किती येतो याचा घटस्फोटाशी तसा संबंध दिसला नाही. बायकोच्या कमावण्याचाही दिसला नाही. यातून मी माझ्यापुरतं असं वाचते: संसाराला त्रास होतो तो पुरुष रिकामा बसला की. त्याला स्वतःला ते सोसत नाही, आजूबाजूचेही सोसू देत नाहीत, आणि मग ते घरात सांडतं.

तुझ्या मुलाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न त्यामुळे हा आहे: फोन वाजत नाही त्या दीड महिन्यात तो काय करतो? नवी कामं शोधतो, थकलेल्या पैशांचा तगादा लावतो, काही शिकतो, तुझं एखादं ओझं उचलतो? की गादीवर पडून छताकडे बघतो आणि ‘या लाइनमध्ये असंच असतं’ म्हणतो? तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. भरतीच्या दिवसांत सगळेच मेहनती असतात गं.

हे मी कुठून शिकले तेही सांगते. नवरा सेहेचाळीस वर्षांचा असताना त्या वर्तमानपत्राने त्याची आवृत्तीच बंद केली. एका दुपारी बैठक झाली आणि संध्याकाळी तो खोक्यात शब्दकोश आणि चहाचा कप घेऊन घरी आला. पुढचे सात महिने घरी होता. पहिले दोन महिने असह्य होते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी टेबलावर दुसऱ्याच कुठल्या तरी वर्तमानपत्राचा अंक पसरायचा आणि हातात लाल पेन. ऱ्हस्व-दीर्घ, वाक्यरचना, मथळ्यातली चूक, सगळं खुणा करून दुरुस्त करायचा. छापून आलेला अंक! कुणाला पाठवायचा नाही, दाखवायचा नाही. दुपारी तो लाल झालेला अंक रद्दीत. मी कामावरून आले की ते लाल कागद दिसायचे आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्याने पासबुक आणि फ्रिजवरची ती वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘बस. आपल्याकडे आठ महिने पुरेल एवढं आहे. आठ महिन्यांत काही झालं नाही तर काय विकायचं आणि काय बंद करायचं, ते आत्ताच ठरवू.’ त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली. नोकरी लागली नव्हती, लागण्याची चिन्हंही नव्हती. पण आकडा दोघांच्या मध्ये, टेबलावर होता. नंतर त्याने पुस्तकांच्या संपादनाची कामं धरली. आजही तेच करतो, घरून, दिवसाउजेडी. चौदा वर्षं ज्या करिअरला सांभाळत मी बेलची वायर काढली, ते एका दुपारच्या बैठकीत संपलं. राहिला तो पासबुक टेबलावर ठेवणारा माणूस. तो मात्र लग्नाआधी माझ्या यादीत नव्हता, कारण असं काही बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता पैशाकडे येते. तिथे मी तुला शिकवणं म्हणजे उलटी गंगा. पगार ठरलेला नाही असा अर्जदार तुझ्या टेबलासमोर बसला की तू त्याला हाकलतेस का? नाही. त्याचा व्यवसाय काय हा अर्जातला एक रकाना असतो. तू तीन वर्षांची विवरणपत्रं मागतेस, खात्याचे उतारे मागतेस, आधीची देणी किती ते बघतेस, जुन्या कर्जाचे हप्ते कसे फेडले ते बघतेस. सुकाळाच्या महिन्याला तू भुलत नाहीस. भाकड महिन्यात खात्यात काय होतं आणि ते कुठून आलं, यावर तुझं बोट थांबतं. आणि हे सगळं विचारताना तुला लाज वाटत नाही. समोरचाही ते मनाला लावून घेत नाही. मग ज्या एकाच माणसाच्या जोखमीत तू स्वतः भागीदार होणार आहेस, त्याच्यापुढेच तुझी दातखीळ का बसते?

कारण तो ‘तू आहेस ना!’ म्हणतो.

तुझ्या पत्रातले हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तू ते प्रेमाचे म्हणून लिहिले आहेत आणि कदाचित ते प्रेमाचे असतीलही. ‘तुझ्याशी बोललं की मार्ग निघतो’ असाही त्यांचा अर्थ होतो. पण ‘माझ्याकडून थकलं तर तू भरशील’ असाही होतो, आणि तो अर्थ तुझ्या कर्ज विभागात रोज येतो. असं दुसऱ्याचं भरणाऱ्या माणसाला तुम्ही जामीनदार म्हणता. जामीन राहायला हरकत नाही, संसारात नवराबायको आलटून पालटून एकमेकांना जामीन राहतातच. पण कागद न वाचता सही करणाऱ्या जामीनदाराचं काय होतं, हे तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. आणि हात धरून विषय थांबवण्याची ही पद्धत मला खटकली, स्पष्टच सांगते. प्रश्न विचारणाऱ्याचा हात धरला की प्रश्न विचारणाराच अपराधी वाटायला लागतो. तो हे मुद्दाम करत असेल असं मला वाटत नाही. न समजता करत असेल तर थांबवणं सोपं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी तू तक्रार म्हणून लिहिलीस. निर्मात्याने याचे पैसे थकवले, तरी याने हाताखालच्या दोन मुलांचे पैसे दिले. तू याला ‘व्यवहार कळत नाही’ म्हणतेस. बाई गं, हा तर तुझ्या पत्रातला त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे! स्वतःचं येणं बुडत असताना ज्याने आपलं देणं चुकवलं, त्या माणसाबद्दल तुझ्या विभागात काय शेरा मारतात? वरून येणारा पैसा अडला तरी खालच्या माणसाच्या पोटाला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. हे फार थोड्या लोकांना जमतं. मोठ्या पदांवरच्या पुष्कळांना जमत नाही.

म्हणजे तुझ्या मुलाला देणं कळतं, वसूल करणं कळत नाही. ही गोष्ट स्वभावाची कमी आणि सवयीची जास्त आहे, आणि सवय लावता येते. तोंडी शब्दावर काम घ्यायचं नाही. मानधन, तारखा, हप्ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. ठराविक हिस्सा पहिल्या तालमीआधी, दुसरा पहिल्या प्रयोगाच्या दिवशी. आधीचे पैसे थकले असतील तर त्याच निर्मात्याचं पुढचं काम नाही. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा भाग आणि भाकड दिवसांचा भाग आधी बाजूला, उरलेलं घरात. घराचा खर्च त्याच्या सगळ्यात वाईट वर्षावर बेतायचा, चांगल्या वर्षावर नाही. सहा महिने घर चालेल एवढी गंगाजळी जमल्याशिवाय मोठं कर्ज डोक्यावर घ्यायचं नाही. तुझ्या बाबांच्या वीस वर्षांच्या हप्त्याचं उत्तर इथे आहे: हप्ता तुमच्या दोघांच्या किमान कमाईत बसतो का, एवढंच बघा. आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घेऊ नका. ज्याचा जितका वाटा कमाईत, तितका खर्चात. निम्म्याचा हट्ट धरला की कमी कमावणारा कायम ऋणको राहतो आणि जास्त कमावणारा कायम सावकार, आणि सावकारावर कुणी प्रेम करत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘लग्न झालं की जबाबदारी येईल, मग धरेल कुठेतरी नोकरी’ असं तुझ्या मनात कुठेतरी असेल, तर हे लग्न करू नकोस. तुझ्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण अशी आशा सहसा लिहिलेली नसतेच. तो जे काम करतो ते सोडेल या बोलीवर त्याला निवडलंस, तर तू निवडलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. तो कधी आलाच नाही तर तू ज्याच्याशी भांडशील, तो बिचारा बदललेला नसेल, हाच त्याचा गुन्हा. पन्नाशीतही तो अंधाऱ्या नाट्यगृहात शिडीवर चढून दिव्यांच्या फिल्टरचे कागद बदलत असेल. हे चित्र डोळ्यांसमोर आण. ते बघून तुला हसू आलं तर पुढे जा. धडकी भरली तर तेही खरंच आहे, त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. ज्याला अनिश्चितता सोसत नाही तो मनाने कोता असतो असं नाही. काहींना उंचीवर चक्कर येते, काहींना नाही.

आणि हो, एवढ्या लांबलचक पत्रात तुझ्या स्वतःच्या करिअरबद्दल मोजून तीन वाक्यं आहेत, तीही ओळख म्हणून. त्याचं करिअर, याचं करिअर, बाबांचं मत, मैत्रिणीचं मत. तुला बँकेत पुढे जायचंय की नाही? बदली आली तर कोण येईल तुझ्याबरोबर? ऑस्ट्रेलियातल्या हजारो विवाहित लोकांवर पाच वर्षं झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. जोडीदार जर जबाबदारीने, नेटकेपणाने वागणारा असेल, तर माणसाचं स्वतःच्या कामातलं समाधान, कमाई आणि बढतीची शक्यता, तिन्ही जास्त, असं त्यात दिसलं. जोडीदाराच्या पगाराची गोष्ट नव्हती ती, स्वभावाची होती. बिलं वेळेवर भरणारा, ठरलेलं काम न विसरणारा माणूस घरात असेल तर तुमचं डोकं कामावर असतं. प्रकाशयोजना करणारा माणूस नाटकभराच्या शंभरेक सूचना सेकंदाच्या हिशेबाने सांभाळतो. म्हणजे नेटकेपणा त्याच्यात असणारच. तो नेटकेपणा नाट्यगृहातून घरी येतो का, हे तुलाच बघावं लागेल. त्या दुसऱ्या मुलालाही हीच पट्टी लाव.

नाही, थांब. त्याला लावू नकोस. त्याला आधी कळव. तो बरा वाटला, पण तू दुसऱ्या कुणात तरी गुंतलेली आहेस, हे त्याला माहीत नसताना त्याला राखीव ठेवणं बरोबर नाही. तुझ्या नाटकवाल्याबद्दलचा निर्णय ‘हा की तो’ असा नाहीच आहे. तो ‘हा की नाही’ असा आहे. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्यानंतर कोण, ते त्यानंतर.

तर वही घेऊन त्याच्याकडे जा. तीन वर्षांत महिन्यागणिक काय आलं, कुणाचं काय देणं आहे, कुणाकडून काय येणं आहे, वाईट महिने कसे काढले. तुझेही आकडे त्याच वहीत शेजारी मांड, नाहीतर ती चौकशी होईल. लिहायला पेन त्याच्या हातात दे. ‘तू आहेस ना’ आलंच, तर हात काढून घेऊ नकोस. ‘आहे, म्हणूनच विचारतेय’ म्हण आणि पुढचा महिना विचार. पहिल्यांदा तो चिडला किंवा गप्प झाला तर लगेच निकाल देऊ नकोस, पैशाची लाज पुरुषांना वेगळ्याच जागी टोचते. आठवड्याने पुन्हा वही काढ. तिसऱ्यांदाही ती वही उघडलीच नाही, तर मला परत पत्र लिहू नकोस. उत्तर तुझ्याजवळ असेल, आणि त्याचा करिअरशी काही संबंध नसेल.

एक व्यवहाराची सूचना. त्याचा प्रयोग नसलेली रात्र बघ. तशी मिळत नसेल तर रविवारची सकाळ चालेल, पण दहाच्या आधी नको. रात्री काम करणारा माणूस सकाळी दहापर्यंत कुणाशीच धड बोलत नाही.

— तुझी ताई